हायब्रिड मोटारींचे मालक विजेच्या मोटारीकडे वळतील काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आपल्या संमेलनात शिक्षण, विवाह, व्यवसाय या विषयांवर भाषणे होतात, तशी ती व्हावीतही. मग मोटारीसारख्या विषयाला येथे स्थान का द्यावे, अशी शंका काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात येईल. त्यास उत्तर असे की, गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या ज्ञातीतील बऱ्याच कुटुंबांनी हायब्रिड मोटारी घेतल्या आहेत, आणि आज त्या घरांतून एक नवा वाद सुरू झाला आहे. मुलगा म्हणतो, ही गाडी विकून पूर्ण विजेची घेऊ. वडील म्हणतात, हिचे हप्ते तरी आधी फिटू देत. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. या वादात गुंतलेली रक्कम पाच-सहा लक्ष रुपयांची असते. मध्यम स्थितीतील घरात एवढी रक्कम म्हणजे एका मुलीचे उच्च शिक्षण होय. म्हणून हा विषय आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. जन्मभर मुलांना त्रैराशिक आणि नफातोटा शिकविला, तीच पाटी आज आपल्यापुढे धरणार आहोत.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘हायब्रिड’ हा शब्द आपल्या शेतकरी बांधवांना ज्वारीमुळे परिचित आहे. दोन जातींच्या संकरातून ते बियाणे निघाले. तद्वत या मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांचा संयोग असतो. आपल्याकडे मिळणारी बहुतेक हायब्रिड गाडी घरच्या विजेवर भारित करता येत नाही. तिची छोटी बॅटरी इंजिनाने भरते, आणि गाडी थांबविताना किंवा उतारावर वाया जाणारी शक्ती परत घेऊनही भरते. खंडाळ्याचा घाट उतरताना साध्या गाडीची जी शक्ती ब्रेक तापविण्यात नष्ट होते, तिचा काही अंश या गाडीच्या पदरी पडतो. शहरातील थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत या योजनेचा विशेष लाभ होतो.

ही कल्पना काही आजची नव्हे. फर्डिनंड पोर्शे यांनी 1900 च्या सुमारासच इंजिन आणि विजेच्या मोटरी एकत्र जोडलेले वाहन तयार केले होते. परंतु सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती ती पोहोचली 1997 च्या डिसेंबरात, जेव्हा जपानात टोयोटाची ‘प्रियस’ विक्रीस आली. ‘प्रियस’ या लॅटिन शब्दाचा भाव ‘पुढे जाणारा, पूर्वगामी’ असा आहे. नाव ठेवणाऱ्यांनाच जणू ठाऊक होते की, हिच्या मागून आणखी कोणी तरी येणार आहे! आपल्या देशात 2022 साली होंडा सिटी, मारुती ग्रँड व्हिटारा, टोयोटा हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्या, आणि मध्यमवर्गात या गाड्यांचा खरा प्रसार झाला. पूर्ण विजेची टाटा नेक्सॉन त्यापूर्वी, म्हणजे 2020 च्या जानेवारीतच आली होती. तेव्हा आपल्याकडे दोन्ही वाहने जवळजवळ बरोबरीनेच बाजारात उतरली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हायब्रिडचा मालक विजेच्या गाडीकडे सहज वळेल, असे प्रथमदर्शनी वाटते. त्याने मोटरची शांतता अनुभविली आहे. बॅटरी म्हणजे काही बागुलबुवा नव्हे, हे त्याला कळले आहे. अर्धी वाट चाललेल्यास उरलेली अर्धी अवघड का वाटावी? पण पाटीवर आकडे मांडले की चित्र निराळे दिसते.

हिशोबाच्या सोयीसाठी वर्षाचे धावणे 10,000 किलोमीटर आणि पेट्रोलचा दर लिटरला 100 रुपये धरू. साधी पेट्रोल गाडी शहरात लिटरला 12 किलोमीटर जाते असे मानले, तर वर्षाचा खर्च सुमारे 83,000 रुपये. हायब्रिड लिटरला 20 किलोमीटर गेली, तर 50,000 रुपये. विजेची गाडी एका युनिटात 7 किलोमीटर गेली आणि घरची वीज 10 रुपये युनिट पडली, तर सुमारे 14,300 रुपये. याचा अर्थ, साध्या पेट्रोल गाडीचा मालक विजेकडे वळला तर वर्षाला सुमारे 69,000 रुपये वाचवितो. हायब्रिडचा मालक मात्र 36,000 च्या आतच. ज्याची तहान अर्धी भागली आहे, त्याला विहिरीकडे धावण्याची निकड कमी, हा सृष्टिनियमच आहे.

आणखी एक पायरी चढू. चांगली चालणारी हायब्रिड विकून नवी विजेची गाडी घेताना पदरचे सहा लक्ष रुपये घालावे लागले असे समजा. वर्षाला 36,000 च्या आत बचत, तेव्हा सहा लक्ष भरून निघण्यास सोळा-सतरा वर्षे लागतील. खासगी मोटारीची नोंदणी मुळी पंधरा वर्षांची! यात कर्जाचे व्याज आम्ही धरलेले नाही. इंजिनतेल, गाळण्या इत्यादींची बचत धरली तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही. ज्याचे वर्षाचे धावणे 25,000 किलोमीटर आहे, त्याची बचत 89,000 च्या घरात जाते आणि रक्कम पावणेसात वर्षांत सुटते. बॅटरीची हमी पुष्कळ कंपन्या 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी देतात. एवढे धावणाऱ्याची किलोमीटरची मर्यादा साडेसहा वर्षांच्या आतच संपते, हेही ध्यानात असावे. एतावता, केवळ इंधनाच्या बचतीसाठी धडधाकट हायब्रिड मोडणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे होय.

परंतु हीच पाटी उलटी करून पाहिली पाहिजे. जुनी गाडी खरोखरीच थकली आणि नवी घेणे भागच पडले, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते. तेव्हा सहा लक्षांचा विचार उरत नाही. नवी हायब्रिड आणि नवी विजेची यांच्या किमतींतील अंतर तेवढे पाहावयाचे. येथे करांचा मोठा वाटा आहे. विजेच्या मोटारीवर 2019 च्या ऑगस्टपासून वस्तू व सेवा कर केवळ 5 टक्के आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून झालेल्या फेररचनेत लहान हायब्रिडवर 18 आणि मोठ्या हायब्रिडवर 40 टक्के कर ठरला. आपल्या राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवरील पथकरातून विजेच्या मोटारींना सूट देण्याचे ठरले. बॅटरीची किंमतही उतरली आहे. जगाच्या बाजारात 2010 साली दर किलोवॅट-तासास हजार डॉलरांहून अधिक असलेली किंमत 2024 साली सुमारे 115 डॉलरांवर आली. तेव्हा आमचे उत्तर असे आहे: हायब्रिडचा मालक विजेकडे वळेल, परंतु मधेच उडी मारून नव्हे, पुढची गाडी घेताना वळेल.

याला परदेशाचा दाखला आहे. नॉर्वे देशात 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी शंभरात सुमारे 89 पूर्ण विजेच्या होत्या. तरीही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कोठे रस्त्यावरील विजेच्या मोटारींची संख्या पेट्रोलच्या मोटारींहून किंचित अधिक झाली, आणि डिझेलच्या मोटारी तर त्याहून जास्त होत्या. म्हणजे जेथे सरकारने पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर जबर कर बसविले, विजेच्या गाड्यांना वर्षानुवर्षे सवलती दिल्या आणि जेथे वीज मुख्यतः जलशक्तीची आहे, तेथेही लोकांनी जुनी वाहने एका रात्रीत टाकली नाहीत.

आपल्याकडे आणखी एक अट आहे: रात्री गाडी कोठे उभी राहते? घरच्या विजेवर गाडी भरणाऱ्याचे गणित वेगळे आणि रस्त्यावरील केंद्रावर भरणाऱ्याचे वेगळे. केंद्रावरचा दर युनिटास 20 रुपये धरला, तर वरची 36,000 ची बचत 21,000 वर येते, आणि तेथे ताटकळण्याचा वेळ निराळाच. येथे एक गंमत दिसते. गावाकडे ज्याला अंगण आहे, छपरावर सौर पत्रे बसविण्यास जागा आहे, तो या बाबतीत मुंबईच्या चौथ्या मजल्यावरील बंधूपेक्षा भाग्यवान आहे! 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती सौर छपरास अनुदान मिळते, त्याचा विचार अशा कुटुंबांनी अवश्य करावा.

गृहनिर्माण संस्थांतून मात्र यावरून मने कलुषित होत आहेत. तरुण सभासद वाहनतळावर जोडणी मागतो. समितीतील ज्येष्ठ आगीची भीती आणि विजेच्या भाराची अडचण पुढे करतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे राहत्या घरी, असलेल्या वीजजोडणीवरून वाहन भारित करण्यास मुभा आहे. तेव्हा सरसकट नकार देणे योग्य नव्हे. त्याचबरोबर खिडकीतून लोंबती वायर खाली सोडून गाडी भरणे हाही अविचारच. परवानाधारक वीज-कंत्राटदाराकडून भार तपासून, स्वतंत्र मीटर घेऊन, योग्य जाडीच्या तारेने काम करून घ्यावे, म्हणजे दोन्ही पक्षांचे समाधान होईल. आपल्यापैकी अनेक जण अशा समित्यांवर आहेत. त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा.

राहता राहिला धुराचा प्रश्न. विजेची गाडी गल्लीत धूर सोडत नाही, हे खरे. परंतु आपल्या देशातील विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोळशापासून येतो. आपल्या गल्लीतील धूर काही अंशी कोराडी आणि चंद्रपूर येथील लोकांच्या डोक्यावर जातो, याचे विस्मरण होऊ नये. विजेची मोटर इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी असल्यामुळे साध्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत एकंदरीत लाभच आहे. हायब्रिडच्या तुलनेत तो लाभ कमी आहे. सौर आणि पवनविजेचे प्रमाण वाढेल तसा तो वाढत जाईल.

आता शेवटी थोडे स्पष्ट बोलतो. कित्येक घरांतून गाडी बदलण्याचा विचार इंधनापोटी होत नाही, धुरापोटी तर नाहीच. लग्नकार्यात मांडवाच्या दाराशी कोणाची गाडी कोणती, याकडे पाहणाऱ्या नजरांपोटी तो होतो. ऋण काढून सण करण्याची ही रीत आपल्या पूर्वजांनी निंद्य मानली. ज्यांची गाडी नवी आहे, त्यांनी ती निश्चिंतपणे वापरावी. ज्यांची जुनी झाली आहे आणि ज्यांच्या घरी भारणाची सोय आहे, त्यांनी विजेच्या गाडीस प्रथम पसंती द्यावी. ज्यांचा प्रवास वरचेवर आडवळणाच्या कोकणी गावांकडे आहे आणि सोय नाही, त्यांनी दुसऱ्यांदा हायब्रिड घेतली तरी त्यांना कोणी मागासलेले म्हणू नये. घरातील वडील मंडळींनी नव्या यंत्रास उगाच भिऊ नये, आणि तरुणांनी वडिलांच्या हिशोबास जुनाट म्हणून हसू नये. दोघांनी एकत्र बसून वर्षाचे किलोमीटर, विजेचे बिल आणि कर्जाचा हप्ता हे तीन आकडे कागदावर मांडले, तर निम्मा वाद तेथेच मिटेल.