बाटलीतील न्यूट्रॉन

१९३२ साली जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. विद्युतभार नसलेला हा कण बहुतेक अणुगर्भांत सुखाने नांदतो. परंतु तेथून बाहेर पडला की त्याचे सरासरी आयुष्य पंधरा मिनिटांहूनही कमी उरते. हे आयुष्य नेमके किती, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. तथापि विश्वाच्या आरंभीच्या काही मिनिटांत किती न्यूट्रॉन शिल्लक राहिले आणि त्यातून किती हेलियम घडला, याचा हिशेब त्यावरच अवलंबून आहे.

आयुष्य मोजायचे तर कण हाती राहिला पाहिजे. अणुभट्टीतील मंदावलेला न्यूट्रॉनही सेकंदाला सुमारे २,२०० मीटर धावतो आणि भांड्याची भिंत सहज भेदतो. मात्र त्याचा वेग अतिशय कमी केला, तर तो भिंतीवरून परत फिरेल, असे याकोव झेल्डोविच यांनी १९५९ साली सुचविले. पुढे दहाएक वर्षांत सोव्हिएत संघातील दुब्ना येथे असे न्यूट्रॉन प्रत्यक्ष मिळविण्यात आले. त्यांचा वेग सेकंदाला पाचएक मीटर, म्हणजे सायकलस्वाराइतका. अशा न्यूट्रॉनला वर फेकले, तर सव्वा मीटर उंची गाठून तो खाली येतो. चेंडूच म्हणा ना!

अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगात याच गुणाचा उपयोग केला आहे. तेथील पात्राचा तळ चुंबकांचा आहे, तर वर झाकणच नाही; ते काम गुरुत्वाकर्षण करते. ठराविक वेळाने उरलेले न्यूट्रॉन मोजतात. २०२१ साली तेथे ८७७.७५ सेकंद हे उत्तर मिळाले आणि त्यातील अनिश्चितता अर्ध्या सेकंदाहूनही कमी होती.

अडचण पुढेच आहे. न्यूट्रॉनांच्या झोतातून जन्मणारे प्रोटॉन मोजण्याची दुसरी रीत आहे. तिने २०१३ साली सुमारे ८८८ सेकंद हे उत्तर आले, तेही दोनएक सेकंदांच्या अनिश्चिततेसह. दहा सेकंदांचा हा फरक एवढ्याने भरून निघत नाही. एका मोजणीत एखादी चूक दडली असावी, हा सरळ तर्क. काही न्यूट्रॉन प्रोटॉन न देता अज्ञात कणांत रूपांतरित होत असावेत, अशी कल्पना २०१८ साली पुढे आली. मात्र शोध घेऊनही तसा पुरावा आढळलेला नाही. दहा सेकंदांचा हिशेब अद्याप जुळलेला नाही.