अलाबामाचा दुसरा मतदारसंघ: हक्क आणि नकाशा



आज मी अमेरिकेतल्या एका मतदारसंघाबद्दल बोलणार आहे. अलाबामा हे तिथलं दक्षिणेकडचं राज्य. तिथून प्रतिनिधीगृहात सात सदस्य जातात आणि त्यातला दुसरा मतदारसंघ हा आपला विषय. इतक्या लांबची गोष्ट का? कारण मताचा हक्क मिळाल्यावरही मताची किंमत कशी शून्यावर आणता येते, हे तिथे लख्ख दिसतं.

आधी जमीन बघू. अलाबामाच्या मधून काळ्या मातीचा पट्टा जातो. त्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. तिथला कापूस गुलाम केलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांनी पिकवला. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात हा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, तेव्हा मुंबईत भाव कडाडले आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली. म्हणजे त्या मातीचा आपल्याशीही थोडा हिशेब आहे.

युद्धानंतर गुलामगिरी संपली. कृष्णवर्णीय पुरुषांना मत मिळालं. 1872 साली याच दुसऱ्या मतदारसंघातून जेम्स रेपियर हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले. 1874 मध्ये दहशतीच्या वातावरणात ते हरले. जेरेमाया हॅरलसन यांची मुदत 1877 ला संपली आणि त्यानंतर 1993 पर्यंत अलाबामातून एकही कृष्णवर्णीय सदस्य प्रतिनिधीगृहात गेला नाही. 116 वर्षं!

हे आपोआप झालं नाही. 1901 च्या राज्यघटनेने मतदानासाठी वर्षाला दीड डॉलर कर लावला आणि थकबाकी साठत जायची. शिवाय वाचता-लिहिता येण्याची परीक्षा, आणि ती घेणारा गोरा अधिकारी. 7 मार्च 1965 ला सेल्मा गावच्या पुलावर हक्क मागणाऱ्या मोर्चावर लाठ्या बरसल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला.

आता मतदान केंद्राचं दार उघडलं. मग खेळ नकाशावर गेला.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, म्हणून साधं गणित सांगतो. समजा 50 मतदार आहेत आणि दहा-दहांचे पाच वॉर्ड. त्यात 20 जण एका समाजाचे. प्रत्येक वॉर्डात चार-चार विखुरले, तर त्यांच्या मर्जीची जागा शून्य. दहा जण एकाच वॉर्डात कोंबले आणि बाकीचे विखुरले, तर जागा एक. तीन वॉर्डांत सहा-सहा ठेवले, तर जागा तीन. माणसं तीच, मतं तीच. फक्त रेषा बदलली.

अलाबामात कृष्णवर्णीय लोकसंख्या साधारण 27 टक्के आहे. 2021 च्या नकाशात सातव्या मतदारसंघात त्यांना मोठ्या संख्येने एकत्र केलं होतं आणि ब्लॅक बेल्टचा उरलेला भाग इतरत्र वाटला होता. सातपैकी एक जागा म्हणजे 14 टक्के. दुसऱ्या मतदारसंघात 1964 पासून, मधली दोन वर्षं सोडली तर, रिपब्लिकन पक्षच जिंकत होता.

इव्हान मिलिगन आणि इतर नागरिक कोर्टात गेले. राज्याचा एक युक्तिवाद असा होता: वंश न बघता कॉम्प्युटरला नकाशे काढू द्या, त्यात असा दुसरा मतदारसंघ सहसा निघत नाही, मग आमचा दोष काय? ऐकायला तटस्थ वाटतं. पण कॉम्प्युटर लाखो नकाशे काढतो, ते आपण दिलेल्या अटींवर. कुठली अट घालायची आणि कुठली वगळायची, हे माणूस ठरवतो. 8 जून 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. निकाल पाच विरुद्ध चार.

तरी विधिमंडळाने पुन्हा असा नकाशा केला, ज्यात दुसऱ्या मतदारसंघात कृष्णवर्णीय जेमतेम 40 टक्के होते. शेवटी कोर्टाने तज्ज्ञ नेमून नकाशा करवून घेतला. नवा दुसरा मतदारसंघ मोबील शहरापासून मॉन्टगोमेरीवरून जॉर्जियाच्या हद्दीपर्यंत गेला. मतदानाच्या वयाच्या लोकांत कृष्णवर्णीय 48.7 टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्यामुळे जागा कुणाला आयती मिळाली नाही; लढत मात्र खरी झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे शोमारी फिगर्स साधारण 55 टक्के मतं घेऊन जिंकले. अलाबामातून एकाच वेळी दोन कृष्णवर्णीय सदस्य जाण्याची ही पहिलीच वेळ.

यातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली, एका मताच्या फरकाने मिळालेला निकाल उद्या फिरूही शकतो. म्हणून राखण करावी लागते. दुसरी, ही लढाई घोषणांबरोबरच जनगणनेचे तक्ते वाचणाऱ्या माणसांनीही लढली.

आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे. रेषा विधिमंडळ नाही, परिसीमन आयोग आखतो आणि त्याच्या अंतिम आदेशाला कोर्टात आव्हान देण्याची वाट फार अरुंद आहे. पण 2002 च्या कायद्यात आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवायची आणि जाहीर सुनावणी घ्यायची तरतूद आहे. बोलायची खरी वेळ तीच. महापालिकेच्या प्रभागरचनेतही हरकतींसाठी मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत आपल्या मोहल्ल्याचा नकाशा, लोकसंख्येचे आकडे आणि नेमकी लेखी हरकत तयार असायला हवी. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना सोबत घ्या, कारण रेषा चुकली की नळाचं पाणी आणि शाळा सगळ्यांचीच अडते.

एक्सेल तुम्हाला येतं, नकाशाची ॲप्स तुमच्या फोनमध्ये आहेत. पुढच्या वेळी मसुदा लागेल तेव्हा तो उघडून बघणारा पहिला माणूस तुमच्यातला असू द्या.