गंज कोठे आणि झीज कोठे

लोखंड गंजते ते पाणी आणि प्राणवायू यांच्या संगतीने, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. तेव्हा प्राणवायू जेथे विपुल, तेथे झीज अधिक, असाच निष्कर्ष कोणीही काढील. परंतु पुष्कळदा घडते ते नेमके याच्या उलट.

१९२० नंतरच्या दशकात केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी हे पाण्याच्या एका थेंबावरून दाखवून दिले. घासून लख्ख केलेल्या लोखंडावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात दोन दर्शक द्रव्ये होती. एक लोखंड विरघळू लागताच निळा रंग देणारे, दुसरे अल्कधर्म उत्पन्न होताच गुलाबी होणारे. थोड्याच वेळात थेंबाचा मध्य निळा झाला, कड गुलाबी झाली, आणि दोहोंच्या दरम्यान तपकिरी गंजाचे कडे उमटले.

याचे कारण असे, की कडेशी पाण्याचा थर पातळ असल्यामुळे तेथे प्राणवायू सहज पोचतो. मध्यभागी तो अपुरा पडतो. या विषमतेमुळे थेंबाखाली एक चिमुकला विद्युत्‌घटच तयार होतो. मध्यावरील लोखंड आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरते. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात व तेथील प्राणवायू त्यांचे ग्रहण करतो. म्हणजे प्राणवायू लाभतो कडेला, झीज सोसतो मध्य, आणि गंज साचतो तिसऱ्याच जागी!

हा खेळ थेंबापुरताच नाही. जमिनीखालचा लोखंडी नळ कोठे मोकळ्या वाळूतून, तर कोठे घट्ट चिकणमातीतून जातो; त्याला भोक पडण्याचा धोका अधिक तो चिकणमातीत. टाकीच्या तळाशी बसलेल्या गाळाखालचा पत्रा आणि रिव्हेटांनी जोडलेल्या पट्ट्यांमधील ओलसर फट यांचीही हीच गत. त्यातही उघडा भाग विस्तीर्ण आणि झाकलेली जागा चिमूटभर असेल, तर सगळा भार त्या चिमूटभर जागेवर पडतो व झीज खोल उतरते.

म्हणूनच वरचा तांबूस डाग खरवडून रंगाचा हात फिरविला, की काम संपले असे नाही. गाळ वेळच्या वेळी उपसावा, फटी बुजवाव्यात, आणि तपासणी करणाऱ्याने जेथे हवा पोचत नाही तेथे आधी पाहावे. टाकी फुटते किंवा सांधा निखळतो, तो बहुधा अशाच न पाहिलेल्या जागी.