कान्हेरीच्या पाण्याजवळ



आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला आणि आपण फणसवाडीकर लेकराबाळांसह कान्हेरीचा डोंगर चढून आलो. आता ऊन उतरतंय, तेव्हा आम्ही दोनच शब्द सांगणार आहोत.

ह्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, नीट बघा. कातळात पन्हळी खोदून पावसाचं पाणी इथं उतरवलंय. शंभराहून जास्त लेण्यांच्या ह्या वस्तीतल्या भिक्खूंची तहान ह्याच पाण्यानं भागली. एक पोढी कल्याणच्या सोनारानं दान दिली, असा ब्राह्मी लेख इथं आहे. आपल्यासारखीच हातानं काम करणारी माणसं ती! पाणी देणं हा त्यांचा धम्म होता.

पुढं ह्याच महाराष्ट्रात आपल्या आज्या-पणज्यांना पाण्याला शिवू दिलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. पण हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

म्हणून मुलांनो, ह्या पोढ्यांत बाटल्या, पिशव्या टाकू नका. पाणी कचऱ्यानं बाटतं, माणसाच्या हातानं नाही. आणि घरी दारात कुणी तहानलेला आला, तर आधी तांब्या पुढे करा. जात विचारू नका.

नमो बुद्धाय! जय भीम!