नियमाला हवी प्रबोधनाची जोड
(ढाणकी येथील व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



सार्वजनिक आरोग्याचे नियम केवळ राजाज्ञेने रुजत नाहीत, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून अनुभवले आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या अधिपत्याखाली गोरे सोजीर थेट माजघरापर्यंत शिरले. परिणाम काय झाला? भयभीत लोक रोगी लपवू लागले. ज्या कायद्याने साथ रोखायची, त्याच्याच धाकाने ती दडून राहिली. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या, तो इतिहास आपण जाणताच.

दुसरी उणीव ज्ञानाची होती. उंदरावरील पिसू प्लेग पसरवते, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. त्याला सर्वमान्यता मिळाली ती १९०५ नंतरच्या संशोधनाने. तोपर्यंत भिंती, कपडे, सामानसुमान यांवर जंतुनाशकांचा मारा होत राहिला. उलट, उंदीर पडू लागताच घर सोडून रानात झोपडी बांधणाऱ्या आपल्या खेडुतांचे अनुभवसिद्ध शहाणपण शास्त्राच्या अधिक जवळचे होते!

या पार्श्वभूमीवर वऱ्हाडच्या गाडगेबाबांचे कार्य पाहावे. १९०५ मध्ये गृहत्याग केलेल्या या कर्मयोग्याच्या हाती ना कायदा होता, ना शिपाई. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून प्रश्न विचारून लोकांना विचार करायला लावायचे, ही त्यांची रीत. आधी कृती, मग उपदेश! म्हणूनच त्यांचा शब्द लोकांनी मानला.

याचा अर्थ नियम नकोत असा नव्हे. सांडपाण्याची गटारे, शुद्ध पाणी, जन्ममृत्यूची नोंद ही कामे स्थानिक संस्थेनेच करावयाची असतात. परंतु डेंग्यूचे उदाहरण घ्या. त्याचा डास घरातल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. काठाला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, टाकी, कूलर घासून कोरडे करावे लागतात. हे ‘का’ गृहिणीला आणि शाळकरी मुलाला समजले, तर दंडाची पावती फाडण्याची वेळ क्वचितच येईल.

प्रत्येक गल्लीतील दोन घरांनी हा कोरडा दिवस आधी स्वतः पाळावा आणि मगच शेजाऱ्याचे दार ठोठवावे, एवढीच विनंती.