डॉक्टरांसमोरची पंधरा मिनिटं

आजचा भाग जरा घरचा आहे. एरवी मी इथे कोड, नोकरी, एआय असलं काहीबाही बोलतो. आज बायकोच्या लिव्हरबद्दल बोलणार आहे. तिला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, "सांग, पण माझं नाव घेऊ नको आणि रडू नको." पहिली अट नक्की पाळतो.

आम्ही अंथुर्ण्याचे. इंदापूर तालुका, बारामतीहून इंदापूरला जाताना पालखी मार्गावर लागतं ते गाव. मी बीटेक केलं, हिंजवडीत लागलो, कोरोनात घरून काम सुरू झालं आणि तसंच चालू राहिलं. लग्नाला तीन वर्षं झालीत. बायको अठ्ठावीसची. आयुष्यात दारूचा थेंब नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'लिव्हर खराब' म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "पण ती तर घेत नाही ना?" लिव्हर खराब व्हायला दारू लागतेच असं नाही. हिपॅटायटिस बी आणि सी आहेत, चरबी साठण्याचा आजार आहे, विल्सन नावाचा तांबं साठण्याचा आजार आहे. तिला निघाला तो ऑटोइम्यून हिपॅटायटिस. म्हणजे शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःच्याच लिव्हरवर उलटते. फायरवॉलनं आपलाच सर्व्हर ब्लॉक करावा तसं.

सुरुवातीला थकवा, अंगाला खाज. मग ताप आला, प्लेटलेट कमी निघाल्या. पावसाळा होता, सगळ्यांनी डेंग्यू धरला. ताप उतरला, प्लेटलेट मात्र वर येईनात. मग पायांना सूज, डोळे पिवळे. बारामतीत सोनोग्राफी केली. लिव्हर आकसलेलं, प्लीहा वाढलेली, पोटात पाणी. प्लेटलेट कमी का, ते तेव्हा कळलं. लिव्हर कडक झालं की रक्त तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथंच अडकून पडतात. रिपोर्टवर 'सिरॉसिस' लिहिलं होतं. पुण्यातल्या लिव्हरच्या डॉक्टरांची वेळ मिळाली ती बारा दिवसांनंतरची.

ते बारा दिवस मी काय केलं? इंजिनिअर करतो तेच. एक्सेल उघडलं.

मेल्ड नावाचा एक स्कोअर असतो. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन, हे तीन आकडे लॉगॅरिदमच्या सूत्रात टाकायचे. ६ ते ४० मध्ये उत्तर येतं. प्रत्यारोपणाच्या यादीत कुणाची गरज जास्त, हे ठरवायला जगभर वापरतात. नंतरच्या सूत्रांत सोडियमही धरलं. तिचं बिलिरुबिन ३.२, आयएनआर १.७, क्रिएटिनिन नॉर्मल. उत्तर आलं १७. मग १७ म्हणजे काय ते शोधायला गेलो. पुढच्या तीन महिन्यांची टक्केवारी वाचली आणि रात्री दोन वाजता लॅपटॉप मिटून ओसरीवर जाऊन बसलो. हे असलं एकट्यानं रात्री करू नका. सूत्राला आजाराचं कारण माहीत नसतं, त्यावर औषध आहे की नाही तेही माहीत नसतं. डॉक्टरांना असतं.

दहाव्या दिवशी माझी अकरा पानांची पीडीएफ तयार होती. ग्राफसकट. बायकोनं ती चाळली आणि म्हणाली, "अरे, डॉक्टर काय तुझे मॅनेजर आहेत का?" (आईसमोर 'अहो', एकटे असलो की 'अरे'.) मग आम्ही दोघांनी बसून अकराचं एक पान केलं. वर चार ओळींत घडलं काय, तारखांसकट. खाली छोटा तक्ता, तारखेप्रमाणे बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर, प्लेटलेट, सोडियम, वजन. वजन का, तर पोटात पाणी वाढतंय का ते रोज सकाळच्या वजनावरून लवकर कळतं. मग झोप. ती दिवसा पेंगायची आणि रात्री टक्क जागी असायची. मला वाटलं टेन्शन. पण लिव्हरच्या आजारात झोपेची उलटापालट ही मेंदूवर परिणाम होत असल्याची पहिली खूण असू शकते, म्हणून तेही लिहिलं.

आणि मग 'सध्या चालू असलेली औषधं' हा रकाना आला.

आमच्या परड्यात कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यात चांगली, असं आई म्हणते. कोरोनात घरोघर काढे झाले तसे आमच्याकडेही झाले. बाकीच्यांनी सोडले, पण सून सारखी थकते म्हणून आई तिला रोज सकाळी करून देत राहिली. दीड-दोन वर्षं. प्रेमानं.

मी वाचलं होतं. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांकडे लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. इजेचं रूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखंच होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर जाहीर हरकत घेतली, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते, हेही सांगितलं. वाद आहे. पण मला वादात पडायचं नव्हतं, रकाना भरायचा होता. आणि आई समोर बसून शेंगा निवडत होती.

मी तो रकाना रिकामा सोडला. खरंच. वाटलं, डॉक्टरांना तोंडी हळूच सांगू, आईला कशाला कळायला पाहिजे. 'मीच सुनेला आजारी पाडलं' हे तिनं मनात धरलं, तर ते कोणत्या गोळीनं काढणार?

रात्री बायकोनं पान पाहिलं. पेन घेतलं, 'गुळवेलीचा काढा, रोज अर्धा कप, साधारण दोन वर्षं' असं लिहिलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "आई, सगळंच सांगावं लागतं डॉक्टरांना. त्या काविळीवाल्याची पुडी घेतली होती ना, तीही लिहिलीये." आई काही बोलली नाही. सकाळी निघताना तिनं पिशवीत एक डबी ठेवली. उरलेली पुडी. आणि वेलीचा एक तुकडा, वर्तमानपत्रात गुंडाळून.

पानाच्या खाली तीन प्रश्न लिहायचे ठरलं होतं. माझे तयार होते. कोणत्या लक्षणाला तडक हॉस्पिटल गाठायचं? अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपी कधी? प्रत्यारोपणाचं नाव आत्ताच नोंदवायचं का? गाडीत, भिगवणच्या पुढे कुठंतरी, बायकोनं तिसरा प्रश्न खोडला. वर लिहिलं, 'मूल होऊ शकेल का?'

बारा दिवस मी आकडे मांडत होतो. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

डॉक्टरांनी पान आधी वाचलं, मग फाइल उघडली. काढ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे लिहिलंत ते बरं केलंत. आजार त्यानं झाला, वाढला की आधीपासूनच होता, हे आता कुणालाच ठामपणे सांगता येणार नाही. पण बंद." डबी ठेवून घेतली. गाठलेला आजार पुढचा आहे, पण कारण औषधाला ऐकणारं आहे म्हणाले. स्टेरॉइड सुरू केलं, पुढची गोळी नंतर ठरेल. तडक यायची लक्षणं म्हणजे काळी शौच, रक्ताची उलटी, बोलण्यात गोंधळ, पोटदुखीसोबत ताप. लॅक्टुलोजचं सिरप, दिवसाला दोन-तीनदा पोट साफ होईल इतकं. मीठ कमी. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. आणि डाळ, अंडी, दूध बंद करायचं नाही, उलट वाढवायचं. आम्ही तिला महिनाभर नुसत्या पेजेवर ठेवलं होतं. रात्री झोपताना काहीतरी खायचंच, कारण अशा लिव्हरला रात्रभराचा उपास झेपत नाही.

प्रत्यारोपणाचा प्रश्न मी तोंडी विचारला. पुणे विभागाची यादी झेडटीसीसी ठेवते. जिवंत दात्यांत जवळचे नातेवाईक चालतात, कायद्यानं नवराही त्यात येतो. माझा रक्तगट जुळतो. औषधानं किती फरक पडतो ते तीन महिने बघून ठरवू म्हणाले.

मग तिचा प्रश्न. आत्ता नाही, म्हणाले. आजार बराच काळ शांत राहिला, शिरा तपासल्या, तर नियोजन करून विचार करता येतो. "पण आज विचारलंत म्हणून सांगतो, या आजारातली एक गोळी गर्भाला घातक असते. पुढची गोळी निवडताना मी हे ध्यानात ठेवीन." तिनं ते स्वतःच्या अक्षरात पानामागे लिहून घेतलं.

पंधरा मिनिटं म्हटलं होतं, पंचवीस झाली.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बसून होती. "काढा बंद सांगितलाय," बायको म्हणाली. आई म्हणाली, "मग अंडं उकडू का?"

पुढची तारीख सहा आठवड्यांनी आहे. रक्त चार दिवस आधी बारामतीत द्यायचं, म्हणजे रिपोर्ट हातात असतील. नवं पान सुरू केलंय. प्रश्नांची जागा या वेळी तिनं आधीच अडवून ठेवलीये, मला एकच मिळालाय.