चंदगड : सीमेवरचा एक लहान तालुका



सीमाभाग म्हटला की आपल्यापुढे प्रथम भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मी अशाच एका तालुक्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावे अशी आपणांस विनंती करणार आहे. तो तालुका म्हणजे चंदगड. पूर्वेला बेळगाव, पश्चिमेला सह्याद्रीची कड, खाली दोडामार्ग आणि त्यापलीकडे गोवा. तीन राज्यांच्या सांध्यावरील या भूमीची संपत्ती तिला स्वतःला कितपत लाभते, हा माझा आजचा प्रश्न आहे.

हा मुलूख इतिहासाला अपरिचित नाही. पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड आणि महिपाळगड असे चार गड एवढ्याशा टापूत आहेत. ते घाटवाटांचे पहारेकरी होते. पारगड तर गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी शिवछत्रपतींनी उभारला. तानाजींचे चिरंजीव रायबा मालुसरे तेथे किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. ‘स्वामी’कार रणजित देसाई याच तालुक्यातील कोवाडचे.

१९५६ पूर्वी चंदगड बेळगाव जिल्ह्यात होता. त्या वर्षी राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र वगळला गेला आणि कोल्हापूर जिल्ह्यात आला. मराठी माणसाला याचा आनंद झाला. पण सरकारी कागद शंभर किलोमीटरांहून दूर कोल्हापुरास जाऊ लागला, तरी रताळ्यांच्या गाड्या जवळच्या बेळगावच्या पेठेतच जात राहिल्या. रेषा नकाशावर बदलते. बैलाची वाट आणि बाजाराची ओढ इतक्या लवकर बदलत नाही.

आता पाणी पाहा. पश्चिमेकडे पाऊस धो धो पडतो. घटप्रभा आणि ताम्रपर्णी येथून पूर्वेला वाहतात आणि पुढे घटप्रभेचे पाणी हिडकलच्या धरणात साठते. तिलारीचे पाणी घाट उतरताना वीज देते आणि खाली महाराष्ट्र व गोवा या दोघांच्या कालव्यांना मिळते. पाण्याने सीमा ओलांडावी यात गैर काही नाही. नदीला मालकी ठाऊक नसते. मात्र ज्या डोंगरावर ते पडते, तेथील माणसाचे शेत उन्हाळ्यात कोरडे राहू नये, एवढी अपेक्षा रास्त नव्हे काय?

काजूची कथाही तशीच. हे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. आज चंदगडचे डोंगरउतार त्याने भरले आहेत. बी फोडून गर काढण्याचे कारखाने तालुक्यात निघाले, त्यांतून बायाबापड्यांच्या हाताला काम मिळाले. हे शुभचिन्ह होय. परंतु ज्या बोंडूपासून गोव्यात फेणी होते आणि तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, तोच बोंडू इकडे बव्हंशी झाडाखाली कुजतो. त्याचा रस, सरबत, मुरंबा होऊ शकतो. माल तोच, फरक पडतो तो त्यावर होणाऱ्या कामाचा.

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की सीमेवरच्या माणसाला आपल्या राज्यात घेतले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे नव्हे. त्याच्या गावी पाणी अडले, माल पिकल्या जागी पक्का झाला आणि त्याचा मुलगा मुंबईच्या गाडीत बसण्यापूर्वी दोनदा विचार करू लागला, तरच ती रेषा सार्थ झाली असे म्हणता येईल. गड राखणाऱ्यांच्या मुलखाचे आपण एवढे देणे लागतो.